आबांच्या दारावर पाटी नव्हती

शिरूरच्या स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'भूगोल' म्हणालात, तरी तो तुम्हाला माझ्या खाणावळीच्या दारात आणून सोडेल. खाणावळीचं खरं नाव वेगळं आहे, बोर्डावर देवीच्या नावानं लिहिलेलंही आहे, पण ते कुणी घेत नाही. 'आज भूगोलात पिठलं होतं', 'चल, भूगोलात जेवून येऊ', असंच लोक बोलतात. नव्या माणसाला वाटतं, काहीतरी चेष्टा चाललीय. चेष्टा नाही, हे सगळं आबांनी करून ठेवलंय.

आबा आमचे घरमालक. जन्म निमोण्याकडचा, मेंढरं वळणाऱ्यांच्या घरातला. नोकरी सगळी दौंडला, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. रिटायर झाल्यावर मात्र घर बांधलं ते शिरूरला. आता बघा, दौंडात जन्म घालवलेला माणूस दौंडात बांधेल, नाहीतर गावाकडं बांधेल. भावकी निमोण्याला, मुलगा पुण्याला, शिरूरला यांच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. इथंच का, असं विचारलं की म्हणायचे, "हवा बरी हाय." शिरूरची हवा आणि बरी. एकदा मे महिन्यात येऊन बघा.

बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली ओळीनं खोल्या आणि वर एकटे आबा. मी खोली मागायला गेले तेव्हा माझा नवरा वारलेला, बरोबर मुलगी मनीषा, आणि डोक्यात एकच, की एमआयडीसीत कामाला येणारी पोरं बाहेर जेवतात, त्यांना आपण डबे घालावेत. मी आपली उत्तरं पाठ करून गेले होते. काम काय करता, घरात माणसं किती, नळाचं पाणी किती लागेल. आबांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "शिकलाय काय?"

"सातवी," मी म्हणाले. "पुढचं आपलं आपणच. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही."

"आन् ही?"

मनीषा तेव्हा कॉलेजात होती. म्हणाली, "भूगोल घेतलाय."

झालं. सामान टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडते तर आबा स्टुलावर उभे, तोंडात स्क्रू धरलेले, आणि आमच्या चौकटीवर पिवळी पाटी. पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरात: भूगोल. अगदी रेल्वे स्टेशनच्या बोर्डासारखी. मी बाजूला बघितलं तर सगळ्याच दारांवर तशा पाट्या. रसायन. अर्थशास्त्र. फिटर. खोलीला नंबर नव्हतेच. लाइटबिलवाला बिचारा डोकं धरून बसायचा.

आणि माणसांनाही आबा त्याच नावानं हाका मारायचे. "ए रसायन, मोटार चालू कर." "अर्थशास्त्र, तुझी चड्डी वाळतीया का उडतीया बघ." त्या पोरांना आईबापांनी ठेवलेली नावं मला कितीतरी दिवस माहीत नव्हती.

गंमत अशी, की फिटर सोडला तर एकाचंही काम पाटीवरचं नव्हतं. रसायन बीएस्सी झालेला, तो कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं मोजायचा. अर्थशास्त्र बिहारचा, एम.ए., तो पॉलिशिंगला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा फक्त डोळे आणि दात दिसायचे. फिटर तेवढा आयटीआय करून फिटरचंच काम करत होता, पगारही त्याचाच बरा होता, त्यामुळे तो जरा ताठ चालायचा. तुम्हाला सांगते, आमच्यासारख्या गावात मुलानं काय शिकावं हे आईबाप ठरवतात, कॉलेजात कुठली जागा शिल्लक आहे ते ठरवतं, कामाला कुठं जावं हे कंपनीची बस कुठल्या चौकात थांबते ते ठरवतं. याचा त्याच्याशी मेळ बसला तर बसला.

आबांचं यावर एक बोलणं ठरलेलं असायचं. "दौंडला इंजिन काढून मागं लावत्यात. बघितलंय ना? पुण्याकडनं आलेली गाडी, तीच माणसं, तेच डबे, आन् तोंड एकदम दुसरीकडं. मान्सांचं बी आसंच. त्यात रडायचं काय?"

रडायचं नाही, पण विसरायचंही नाही, असा त्यांचा कायदा होता. त्यासाठी रविवारचा तास. अंगणात चिंचेखाली तांब्याचा मोठा बंब होता, एरवी बंद, रविवारी आबा स्वतः पेटवायचे. ज्याची पाळी असेल त्यानं बंबाजवळच्या दगडावर बसून आपल्या विषयातलं काहीतरी सगळ्यांना सांगायचं. सांगून झालं की मगच गरम पाणी. थंडीच्या दिवसांत पोरं कुडकुडत टॉवेल गुंडाळून ज्ञान घ्यायची. अर्थशास्त्र विचारायचा, "आबा, पानी गरम हुआ क्या?" आणि आबा म्हणायचे, "पहले मंदी समझाव, फिर पानी." त्यानं ती इतकी छान समजावली की मी आठवडाभर गिऱ्हाइकांना मंदीच सांगत होते. फिटर मात्र दर पाळीला बेअरिंग. बेअरिंगचे प्रकार, बेअरिंगचं ग्रीस. अर्धी माणसं बसल्या जागी पेंगायची. आबा मात्र टक्क जागे, मान डोलवत.

रसायनचं त्यांना फार लागायचं. एक दिवस धुतलेली टोपी घालून त्याच्याबरोबर कंपनीच्या गेटवर गेले. सिक्युरिटीवाल्याला वाटलं, पोराचे वडील आलेत, काहीतरी अपघाताचं वगैरे असेल, म्हणून साहेबांकडं सोडलं. आबा साहेबांना म्हणाले, "ह्यो पोरगा रसायन हाय. ताटं कुणी बी मोजंल. ह्याला निदान कुठल्या तरी टाकीपाशी हुबा करा." साहेब हसले असतील, पण माणूस भला असावा. महिन्याभरात रसायनला सांडपाण्याच्या प्लँटवर घेतलं. पहिल्या दिवशी घरी आला तो दारातच उभा. म्हणाला, "आबा, लय वास मारतोय तिथं."

"वास मारतोय म्हंजी रसायन हाय," आबा म्हणाले. "आत ये."

आता आबांची दुसरी खोड सांगते, कारण पुढं तिचंच काम आहे. आमच्या शिरूरला जैनांचं स्थानक आहे. चातुर्मासात तिथं साध्वी मुक्कामाला असतात, सकाळी प्रवचन होतं. ते सुरू झालं की आबा उठून चालू लागायचे आणि स्थानकाच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली जाऊन उभे राहायचे. आत नाही, बाहेर. छत्री बगलेत, डोळे मिटलेले. गावात काय काय बोललं जायचं. कुणी म्हणे, शेजारच्या प्लॉटवर डोळा आहे. कुणी म्हणे, म्हातारा जैन होणार. तर बुधवारी माझ्याकडं मटण असलं की पहिलं ताट आबांचं. स्थानकातले एक शेठ तर त्यांना हात धरून म्हणायचे, "आबा, आत या की, सतरंजीवर बसा." आबा म्हणायचे, "बाहेरनं चांगलं ऐकू येतंय." मी एकदा विचारलं तर मला म्हणाले, "सावली असती तिथं, अक्का." पावसाळ्यात सावली. मी पुढं विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला एखादी जागा आवडते.

मनीषा बी.ए. झाली. गुण चांगले होते. नकाशा काढायला बसली की पोरगी जेवणावरून उठायची. रविवारी तिची पाळी असली की ती राखेत बोटानं घोड नदी काढायची, भीमा काढायची, दौंडजवळ त्या कशा गळ्यात गळे घालतात ते दाखवायची, आणि आबांच्या निमोण्याला पाऊस का चुकवतो ते सांगायची. आबा तेव्हा बंबात लाकूड सारायचं विसरायचे.

पण नोकरी कुठं? शाळेत लागायचं तर बी.एड. पाहिजे, आणि त्याच्यापुढं रांग किती, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती कंपन्यांत अर्ज देत फिरली. एका ठिकाणी मुलाखतीला गेली तर साहेब कागद बघून शेजारच्याला म्हणाले, "भूगोल. म्हणजे आपल्याला कँटीनचा रस्ता दाखवतील." दोघं हसले. मनीषा मला हे सांगताना हसत होती, पण पोळी तिनं तशीच ठेवली. शेवटी एका कंपनीत पॅकिंगला लागली. पगार वेळेवर, बस दारात. मी देवाला नारळ फोडला. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता.

एके दिवशी पहिली पाळी करून आली, चप्पलही काढली नाही, स्टूल ओढलं आणि दारावरची पाटी काढली. पाटी घेऊन थेट वर. मी पिठाच्या हातानं मागं.

"आबा, ही घ्या तुमची पाटी."

आबा खाटेवर बसून रेडिओला चापट्या मारत होते. "का गं भूगोल, गंजली का?"

"मला भूगोल म्हणू नका. आज लाइनीवर सुपरवायझरनं विचारलं, तू काय केलंयस. मी सांगितलं. तर बायका दिवसभर मला, ए नकाशा, टेप दे, ए नकाशा, खोका दे. मला नको ते. माझं इंजिन फिरलं, तुम्हीच म्हणता ना?"

"इंजिन फिरतं. पर डब्यावरची पाटी कुणी काढत न्हाई," आबा म्हणाले. "डबा कुठनं निघाला ते कळाया नको?"

"कुणाला कळायला? विचारतंय कोण?"

आबांनी रेडिओ खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. म्हणाले, "माझ्या घरात बिनपाटीची खोली न्हाई. रविवारपत्तूर लावा. न्हाईतर दुसरी जागा बघा."

गिऱ्हाईक बांधलेलं, चुली मांडलेल्या, पोरांचे डबे ठरलेले. हे सगळं उचलून कुठं जायचं? मी म्हणाले, "आबा, पोर आहे, दमून आलीय." पण मनीषा माझ्यावरच गेलेली. दारापर्यंत गेली, वळली, आणि आबांच्या चौकटीकडं बोट करून म्हणाली, "मग तुमच्या दारावर कुठंय पाटी?"

आम्ही तिघंही चौकटीकडं बघत राहिलो. खरंच नव्हती. इतकी वर्षं जिना चढउतार केला, माझ्या लक्षात आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, मालक माणूस, त्याला कशाला विषय. मॅट्रिक होऊन रेल्वेत चिकटले असतील. खालच्या प्रत्येकाला ते विचारायचे, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आबा रेडिओ उचलून परत चापट्या मारायला लागले.

पाटी गेली तशी खाणावळीत वेगळीच पंचाईत. पोरं दारापर्यंत यायची आणि पुढं जायची. एकजण गल्लीच्या टोकावरून परत आला, "मावशी, भूगोल बंद झालं का? मी पार नदीपर्यंत गेलो." मनीषा तव्याकडं बघत राहिली. मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती. आबा जेवायला खाली आले नाहीत, ताट वर पाठवलं तर अर्धं परत आलं.

शनिवारी मनीषाला सुट्टी होती. सकाळी सकाळी आबा आमच्या दारात. टोपी, छत्री. म्हणाले, "चल माझ्यासंगं. अक्का, तुम्ही बी चला."

चातुर्मास चालू होता. आम्हाला घेऊन ते स्थानकाच्या मागच्या भिंतीशी गेले. आतून साध्वींचा आवाज येत होता, एका लयीत म्हणत होत्या. मला काही कळेना. मराठी नाही, हिंदी नाही, संस्कृतही वाटेना. आबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या मागोमाग हळूहळू मराठीत सांगायला लागले. न अडखळता. त्या एक ओळ म्हणत होत्या, हे तिचा अर्थ सांगत होते.

"मातीत जीव हाय म्हंत्यात. पाण्यात हाय. वाऱ्यात हाय, इस्तवात हाय. पाय टाकताना जपून टाका."

मनीषा म्हणाली, "माती, पाणी, वारा. हे तर माझंच चाललंय."

"मग," आबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. "ही अर्धमागधी. लय जुनी भाषा. जैनांचं जुनं ग्रंथ हिच्यात हायत. म्या हिच्यात एम.ए. केलंय."

पावसाची भुरभुर चालू झाली होती. छत्री बगलेतच. भिंतीला टेकून आबांनी सांगितलं ते असं. पुण्याला बोर्डिंगात राहून शिकत होते. फी भरायची ऐपत नव्हती. अर्धमागधीच्या मास्तरांकडं कुणी विद्यार्थी येईना, ते म्हणाले, तू माझ्या वर्गात ये, फीचं मी बघतो. "वर्गात दोघंच. मास्तर आन् मी. एकाला ताप आला तर दोघांना सुट्टी. पयल्यांदा फीसाठी गेलो. मागनं सुटंना. रात्रंदिस त्येच डोक्यात." मग घरची मेंढरं गेली, धाकटी भावंडं, आणि पार्सल ऑफिसची जागा निघाली. डाळिंबाच्या करंड्या, माशांची खोकी, एखादा साखळीला बांधलेला कुत्रा, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता आबा तोंडानं जुनं पाठ म्हणायचे. हमालांना वाटायचं, साहेब ओझं हलकं करायचा मंतर म्हणतायत. हमाल त्यांना बोलवायचे, जड पेटी असली की.

"कुणाला सांगितलं का नाही?" मनीषानं विचारलं.

"सांगितलं व्हतं, नवीन व्हतो तवा. साहेब म्हणलं, ह्या भाषेत पावती फाडता येती का?" आबा थांबले. "लय हसली मान्सं. त्या दिवसापासनं त्येचं नाव न्हाई काढलं. पर मी शिरूर धरलं ते ह्या खिडकीसाठी. दरसाल चार म्हैनं मला माझा इषय ऐकू येतो."

"मग आत का नाही बसत?"

"मी मटण खातो गं. आन् आत बसलं की कुणीतरी इचारणार, तुमी कोण. काय सांगू? पार्सल क्लार्क?"

येताना वाटेत मनीषा हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबली, स्क्रू आणि काळा रंग घेतला. घरी येऊन आबांकडून पत्र्याचा तुकडा मागून घेतला, पिवळा रंग होताच. दुपारभर पोरगी जमिनीवर पालथी पडून अक्षरं काढत होती, नकाशावर गावांची नावं काढतात तशी. शब्द लांब, पत्रा आखूड. शेवटचं अक्षर जरा दाटीवाटीनं बसलं. संध्याकाळी वर जाऊन तिनं स्क्रू पिळले. मग आमची पाटी घेऊन खाली आली आणि ती जागेवर लावली. मला म्हणाली, "आई, भांडी सोड." मला वाटलं होतं, मी मनातल्या मनात बांधतेय. पोरीला सगळं दिसत होतं.

रविवारी आबांनी बंब पेटवला, पण दगडावर बसेनात. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि हात कुठं ठेवावेत ते कळेना. मनीषाच म्हणाली, "आज पाळी वरच्या खोलीची." मग बसले. सुरुवातीला आवाज निघेना. मग निघाला, आणि काय निघाला म्हणून सांगू. ते म्हणत होते, थांबून अर्थ सांगत होते, परत म्हणत होते. अर्थशास्त्र टॉवेल खांद्यावर टाकून तसाच उभा. पाणी उकळून उकळून निवत आलं तरी एकजण बादली घेऊन उठला नाही.

संपल्यावर फिटरनं डोकं खाजवत विचारलं, "ते सगळं ठीक हाय आबा, पण ह्याचा उपयोग काय वो?"

कुणीतरी त्याला कोपर मारलं. मी मनीषाकडं बघितलं. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "तुझ्या बेअरिंगचा मला काय उपयोग व्हता? ऐकलंच ना मी, दर खेपंला?"

फिटर हसला, सगळेच हसले, आणि आबा सगळ्यांत जास्त. पुढं त्यांनी आपली पाळी कधी चुकवली नाही. चातुर्मासात ते आत सतरंजीवर बसायला लागले. शेठनी विचारलं, तुम्ही कोण, तर यांनी सांगितलं म्हणे, पाटी बघायला घरी या.

मनीषा त्याच कंपनीत आहे. पॅकिंगवरून डिस्पॅचला गेली. तिथं भूगोल कामाला आला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तिथं रस्ता फोन दाखवतो. तिच्या टेबलामागच्या भिंतीला मात्र जिल्ह्याचा नकाशा आहे, तिनं हातानं काढलेला, आणि बायका आता तिला 'नकाशा' म्हणतात त्यात टोमणा नसतो. रसायन सांडपाण्यावरच मोठा माणूस झाला. अर्थशास्त्र गावाकडं गेला, दिवाळीला फोन करतो, "मौसी, मंदी कैसी है?"

आबा गेल्यावर मुलानं घराला रंग दिला. चांगला मुलगा आहे, आमची जागा तशीच ठेवली. पण पाट्या काढून दारांवर नंबर टाकले. पाट्यांचा ढीग भंगारात चालला होता, त्यातल्या दोन मनीषानं उचलून आणल्या. भूगोल होता तिथंच लावला आणि त्याच्याखाली दुसरी, जिचं शेवटचं अक्षर दाटीवाटीनं बसलंय ती.

आता रोज कुणीतरी नवा पोरगा जेवायला येतो, कंपनीत लागलेला, कुठून तरी काहीतरी शिकून आलेला. हात धुतो, वर बघतो आणि ताट समोर यायच्या आधी विचारतो, "मावशी, भूगोल कळलं. हे अर्धमागधी काय आहे?"

पार्सल ऑफिसात सगळा जन्म गेला, तिथं आबांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी तव्यावर भाकरी टाकते आणि म्हणते, बस, सांगते.